बंद दाराच्या बदल्यात

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी... वेळ अगदी पक्की आहे हं, कारण मी घड्याळासमोर बसून आमच्या बटणचे श्वास मोजत होते, एका मिनिटात किती, इथल्या सिस्टरनी शिकवलंय तसे... दहा पस्तीसला दारावर टकटक झाली आणि तिथूनच ह्या सगळ्या कटकटीला तोंड फुटलं बघा! आता तुम्ही सगळ्या बाकावर दाटीवाटीनं बसून, चौघी पायऱ्यांवर, दोघी उभ्या, प्रत्येकीच्या खांद्यावर एकेक खोकणारं पोर, आणि वाचताय काय, तर दाराला चिकटवलेला तो कागद! ‘परिसरात आजारी बालकांचे प्रमाण अत्यल्प आढळल्याने हा बालदवाखाना पहिल्या तारखेपासून बंद करण्यात येत आहे.’ अत्यल्प म्हणे! हा शब्द लिहिला कोणी, त्याला एकदा शुक्रवारी इथे आणून बसवा, दोन पोरं मांडीवर द्या आणि म्हणावं, लिही आता अत्यल्प!

तुम्ही म्हणाल, ही एवढी का तापलीय, दवाखाना तर सगळ्यांचाच जाणार. मी तापलेय, कारण... सांगते, सगळं सांगते, पण मधे बोलू नका, नाहीतर माझा धीर जाईल.

तर दहा पस्तीस. आमचा बटण (नाव मोठं आहे त्याचं, पण जन्मला तेव्हा एवढासा होता, तेव्हापासून बटणच) तीन रात्री झोपला नव्हता, मला झोपू दिलं नव्हतं, आणि त्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी त्याचा डोळा लागला. आता मंगळवार-शुक्रवार म्हणजे दवाखान्याचे वार, दहा ते बारा (वाफेला सिस्टर रोज असतात), मी पिशवी भरून तयार, पण झोपलेलं पोर उचलून कोण जाईल? म्हटलं आज राहू दे. ही माझी पहिली चूक. दवाखान्याच्या वेळेला घरी सापडले!

दार उघडलं तर एक मुलगी. वीस-बावीसची असेल, गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड, पॅडला दोरीनं बांधलेलं पेन. म्हणाली, ताई, आम्ही आरोग्य पाहणी करतोय, शेजारचं घर आमच्या यादीत होतं, पण त्याला कुलूप आहे, म्हणून नियमाप्रमाणे त्याच्या बदल्यात उजव्या हाताचं घर, म्हणजे तुमचं.

आता शेजारचं घर म्हणजे ह्यांचं, ह्या बघा, जुळ्यांची आई, बसल्यात कोपऱ्यात. ह्या कुठे होत्या त्या वेळी? इथे! ह्याच बाकावर! दोन पोरं दोन खांद्यांवर टाकून! म्हणजे ज्या घरात एक सोडून दोन आजारी, त्या घराला कुलूप, आणि कुलूप आहे म्हणून ते घर वजा, आणि त्या बदल्यात कोण? मी! अहो, एखाद्या घराला कुलूप का आहे, एवढं तरी विचाराल की नाही? चोरानंसुद्धा विचार केला असता!

बरं, मी त्या मुलीला विचारलं की यादीत म्हणजे कसली यादी. तर ती म्हणाली, तुमच्या भागात आठशे दारं आहेत, सगळीकडे कोण जाणार, म्हणून पाण्याच्या टाकीपासून मोजत प्रत्येक चाळिसावं दार घ्यायचं, अशी वीस घरं. त्याला नमुना म्हणतात. एक घर चाळीस घरांच्या वतीनं बोलतं. हे ती इतक्या गोड आवाजात बोलली की मला वाटलं काहीतरी मान मिळतोय. मी पदर नीट केला. तुम्हाला सांगते, मी शिकले सातवीपर्यंत, माझ्या वतीनं घरात मीसुद्धा बोलत नाही, सगळं सासूबाई बोलतात, आणि इथे मी एक, आणि माझ्या मागे चाळीस घरं!

मग प्रश्न सुरू. घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, खिडक्या किती. खिडक्या एक, बाई, आणि तीही जिन्यात उघडते, लिही. हे सगळं खरंखरं सांगितलं. मग तिनं विचारलं, “गेल्या पंधरा दिवसांत घरातलं लहान मूल आजारी होतं का?”

आता बघा हं. माझ्या मागे कोण बसलंय? सासूबाई. हातात निवडायचं ताट, पण कान दारात. आणि सासूबाईंचं एकच पालुपद, मी घरात आल्यापासून नाही, बटण झाल्यापासून, “हिच्या हातात मूल धड राहत नाही.” दुधाचा घोट ठसकला, हिच्या हातात धड राहत नाही. शिंक आली, हिच्या हातात. शेजारच्यांच्या पोराला शिंक आली तरी एकदा म्हणाल्या होत्या! आणि समोर ती मुलगी, इस्त्रीचे कपडे, पेन कागदावर टेकवून माझ्या तोंडाकडे बघतेय, म्हणजे आता मी काय बोलेन ते सरकारदरबारी जाणार. पुढे मला बोलावून विचारणार की आई म्हणून काय करत होतीस. आणि तेवढ्यात आतून बटण खोकला. साधा नाही, तो पिंपातून आवाज यावा तसा. ती मुलगी म्हणाली, “कोण खोकलं?”

मी म्हटलं, घसा साफ करतोय.

अकरा महिन्यांचं पोर! घसा साफ करतंय, जसं काही आता गायला बसणार!

तिनं परत विचारलं, मग आजारी नव्हता ना, आणि मी... मी मान हलवली. नाही म्हटलं. तिनं ‘नाही’च्या चौकोनात बरोबरची खूण केली, एवढीशी, उडीद-मुगाएवढी. माझी सही घेतली आणि निघाली पुढच्या चाळिसाव्याकडे.

बघू नका तशा माझ्याकडे. म्हणून म्हटलं होतं मधे बोलू नका. होय, मी नाही म्हटलं! खोटं बोलले! पण मला काय माहीत की ते माझ्या एकटीचं खोटं नाही? माझं खोटं मी बोलले असते, निस्तरलं असतं. मी एक, आणि माझ्या मागे चाळीस घरं, आणि चाळीसच्या चाळीस घरांतली पोरं माझ्या एका मान हलवण्यानं ठणठणीत बरी झाली! ह्या जुळ्यांच्या आईची दोन्ही बरी झाली! डॉक्टरांना दोन वर्षांत जमलं नाही ते मी दारात उभ्या उभ्या केलं!

आणि ह्या मंगळवारी हा कागद लागला. मी खाली बसलेच. कारण बटणचं काय आहे, सिस्टर सांगतात, मिनिटाला पन्नासच्या वर श्वास गेले की थांबायचं नाही, उचलायचं आणि यायचं. इथे यायला मला सहा मिनिटं लागतात. वाफेचं मशीन लावलं की पोर दहा मिनिटांत निवळतं. हे बंद झालं तर मोठं हॉस्पिटल, दोन बस बदलून सव्वा तास, तेही बस आली तर. सव्वा तास मी त्याला मांडीवर घेऊन बसमध्ये काय करू? श्वास मोजू?

रडून काय होणार, म्हणून मी ठरवलं, माझं ‘नाही’ परत घ्यायचं. आमचे हे बसडेपोत टायर बदलतात, त्यांना सांगितलं, तर म्हणाले, तू कशाला बोललीस, तुला विचारलं कोणी? अहो, मलाच तर विचारलं! पहिल्यांदा आयुष्यात कोणी मला विचारलं आणि मी ही माती खाल्ली!

मग मी काय केलं, तर म्हटलं रिकाम्या हातानं जायचं नाही. पाहणी ना? मलाही येते पाहणी. त्याच मंगळवारी मी ह्या बाकावर एकेकीला विचारत फिरले, तुमचं मूल आजारी आहे का, आठवतंय? तुमच्यापैकी एकीनं मला म्हटलं, नाही, सहलीला आलोय. बटणच्या वहीच्या मागच्या पानावर मी रेघा ओढल्या. एकतीस जणींना विचारलं, एकतीस आजारी. शंभर टक्के! सातवीत माझे टक्के कधी पन्नासच्या वर गेले नाहीत, तुम्हाला सांगते, शंभर टक्के मी पहिल्यांदाच बघत होते.

बुधवारी बटणला काखोटीला मारलं आणि गेले त्या कचेरीत. तिसरा मजला, लिफ्ट बंद. पहिल्या टेबलवर एक चष्मेवाले, जेवणाचा डबा उघडत होते, म्हणाले, माहिती गोळा करणं संपलं, आता त्यात काही घालता येत नाही. मी म्हटलं घालायचं नाही, काढायचंय, मी खोटं बोलले होते. ते डब्याकडे बघत म्हणाले, सगळेच थोडं थोडं बोलतात, ते आम्ही धरलेलंच असतं. धरलेलं असतं! म्हणजे माझ्या खोट्याची जागा आधीच राखून ठेवली होती!

दिवसभर बसवलं. गुरुवारी परत गेले. मग आत पाठवलं आकडेवाल्या मॅडमकडे. हो, आकडेवाल्याच, कारण खोलीत माणूस एक आणि भिंतींवर सगळे आकडे. त्यांनी आमच्या भागाचा कागद काढला. वीस घरं, आजारी मूल एक. आणि ते एक तरी कसलं, तर दारात अंगठा सापडलेला! खाली लिहिलेलं, सरासरी आजारपण दर मुलामागे महिन्याला शून्य पूर्णांक सहा दिवस. म्हणजे कसं, सकाळी तापानं फणफणायचं आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत बरं व्हायचं? असं मूल मला दाखवा, मी त्याच्या आईचे पाय धुते.

मी बटणची वही पुढे केली. चार महिने, दिवसातून तीनदा, तारखेसकट, वेळेसकट, एकेचाळीस, अठ्ठेचाळीस, त्रेपन्न, त्रेपन्नच्या खाली दोन रेघा, म्हणजे त्या दिवशी पळत आले होते. मॅडमनी पानं उलटली. खोटं कशाला सांगू, नीट उलटली, म्हणाल्या, फार छान नोंद ठेवलीय, आमच्या मुलींनासुद्धा इतकी जमत नाही. मला वाटलं झालं काम. मग वही बंद केली आणि म्हणाल्या, पण ताई, हे एकाच मुलाचं आहे. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही.

बघा हं. एका घरावरून चाळीस घरं सिद्ध होतात. पण एका पोरावरून तेच एक पोर सिद्ध होत नाही!

मी तेच म्हटलं त्यांना. त्या हसल्या आणि समजावायला लागल्या, जसं आपण पोरांना गोळी गोड आहे म्हणून सांगतो तसं. म्हणाल्या, “अहो, शितावरून भाताची परीक्षा. सगळा भात खाऊन बघतो का आपण?” हे कोणाला सांगताय? मला? ज्या बाईनं आयुष्यात पातेल्याचं झाकणसुद्धा काढलं नाही तिला सांगा! मी म्हटलं, मॅडम, शीत काढायच्या आधी डाव तळापर्यंत घालून ढवळावं लागतं. वरचं कच्चं असतं, तळाचं करपलेलं असतं. तुम्ही ढवळलंत कुठे? तुम्ही तर पातेल्याबाहेर सांडलेलं शीत उचललंत आणि म्हणता भात उत्तम झालाय!

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. एकतीस रेघा. म्हटलं, ही माझी पाहणी, एकतीसपैकी एकतीस आजारी. त्यांनी बघितलं आणि इतक्या हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, “अहो, हे तुम्ही दवाखान्याच्या रांगेत विचारलंत ना? तिथे आजारीच भेटणार. तिथे बरं मूल येईलच कशाला?”

मी म्हटलं, “आणि तुमची मुलगी मंगळवारी साडेदहाला घरोघर विचारत होती. दवाखान्याची वेळ दहा ते बारा. घरात आजारी मूल राहीलच कशाला?”

हसू गेलं. त्यांनी कागद जवळ ओढला, बोटानं मोजत गेल्या. वीसपैकी नऊ घरांना कुलूप होतं. नऊ! नऊच्या नऊ घरांच्या बदल्यात उजव्या हाताचं उघडं दार. आणि ती नऊ कोणती? काल तिथून आल्यावर मी कडेवर बटण घेऊन टाकीपासून मोजत गेलेय, चाळीस, ऐंशी, एकशेवीस, दारावर हात लावत, कुत्री मागे लागली तरी मोजणं सोडलं नाही. त्या नऊ घरांतल्या सात जणी आत्ता इथे बसल्यात. ह्या हिरव्या ओढणीवाल्या, ह्या शिवणवाल्या मावशी नातीला घेऊन, ह्या जुळ्यांच्या आई... आपण सगळ्या रांगेत खोकत होतो म्हणून त्यांच्या कागदावर बऱ्या निघालो!

मॅडमनी डोक्याला हात लावला. नाही, बाई वाईट नाही. म्हणाल्या, चूक झालीय, फेरपाहणी करावी लागेल, तोपर्यंत बंद करण्याचा हुकूम थांबवते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा हात धरणार होते, पण माझ्या हातात बटण आणि बटणच्या हातात त्यांचं पेन. मी म्हटलं मग कधी, रविवारी करा, संध्याकाळी करा, सगळ्या घरी असतो. तर त्या काय म्हणाल्या ऐका. म्हणाल्या, “तसं चालणार नाही. दोन पाहण्यांची तुलना व्हायची तर वार तोच, वेळ तीच, दारं तीच.”

म्हणजे?

म्हणजे येत्या मंगळवारी. सकाळी साडेदहा.

मी म्हटलं मॅडम, त्या वेळी आम्ही पुन्हा दवाखान्यात असू. त्या म्हणाल्या, मग घरी थांबा की एक दिवस. मी म्हटलं ठीक, मी सगळ्यांना सांगते, कोणी दवाखान्यात जायचं नाही. तर त्या म्हणाल्या, असं करू नका हं, कारण त्याच दिवशी आमचा दुसरा माणूस दवाखान्यात बसून हजेरी मोजणार आहे. दोन्हीकडून तपासलं म्हणजे पक्कं होतं. रांग रिकामी दिसली तर मी काही करू शकणार नाही.

आलं लक्षात? घरात आजारी मूल दिसलं नाही, तर दवाखाना बंद. दवाखान्यात रांग दिसली नाही, तरी दवाखाना बंद. तेही एकाच वेळी! आईनं काय मधोमध चिरून घ्यायचं स्वतःला?

आणि माझी गंमत तर पुढेच आहे. मी चार महिन्यांची वही घेऊन, सासूबाईंच्या तोंडावर, खणखणीत आवाजात ‘हो, आजारी आहे’ म्हणायला तयार बसलेय. कालपासून पाठ करतेय. पण जुळ्यांच्या आई घरी असल्या तर त्यांचंच दार वाजणार, मला कोण विचारतंय? मी फक्त बंद दाराच्या बदल्यात! खोटं बोलले तेव्हा मी एक, आणि माझ्या मागे चाळीस घरं. खरं बोलायला निघाले, तर मी एक आणि माझ्या मागे सासूबाई!

सासूबाईंना काल सगळं सांगितलं मी. सगळं, ते घसा साफ करण्यासकट. म्हटलं आता बोला काय बोलायचं ते. त्यांनी ताट खाली ठेवलं, वही मागितली, वाचता येत नाही त्यांना, नुसत्या त्या त्रेपन्नाखालच्या दोन रेघांवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “मंगळवारी मी बसते दारात. याला मांडीवर घेऊन. कुठल्याही दारावर थांबली तरी त्या पोरीला इथे बोलावते, विचार म्हणावं.” एवढंच. हिच्या हातात धड राहत नाही, हे म्हणाल्या नाहीत. कदाचित विसरल्या असतील.

तर आता ठरलं असं. नीट ऐका आणि घरी जाऊन जावेला, नणंदेला, वरच्या मजल्यावरच्यांना, जी भेटेल तिला सांगा. मंगळवारी साडेदहाला आजारी मूल घरी, आजीपाशी, दार सताड उघडं, आणि खोकला आला तर दाबायचा नाही. फक्त श्वास जास्त वाटले तर पाहणी गेली खड्ड्यात, उचलायचं आणि यायचं. आणि आयांनी इथे रांगेत उभं राहायचं, खांद्यावर मूल घेऊनच, कारण तो मोजणारा मुलं मोजणार, आया नाही. म्हणजे बरं मूल आणायचं. ह्या जुळ्यांच्या आईचं सोपं आहे, धाकटं जरा सुधारलंय, एक दारात आणि एक रांगेत. शिवणवाल्या मावशींची मोठी नात आहे. माझ्याकडे एकच आहे हो, आणि ते दारात बसणार.

तेव्हा कोणाकडे एखादं धडधाकट मूल असेल, दोन तासांपुरतं, तर मला द्या. सांभाळून आणीन, शिंक न लागू देता परत करीन.

पण हे मी तुम्हाला कुठे विचारत बसले? दवाखान्याच्या रांगेत? इथे बरं मूल येईलच कशाला... जाऊ दे. बाहेर विचारा. चार जणींना सांगा, त्या आणखी चार जणींना सांगतील.